कोरड्या गल्लीतली ओली मोरी

ती घटना काही केल्या डोक्यातून जात नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. पेपरात चार ओळीसुद्धा आल्या नाहीत. माझ्या बॅचचे लोक निवृत्तीनंतर भेटले की आपापल्या मोठ्या केसेस काढून बसतात. कुणी आंतरराज्य टोळी पकडलेली असते, कुणी गोव्यापर्यंत पाठलाग केलेला असतो. माझी पाळी आली की मी चहा मागवतो. कारण मला जी केस आठवते ती सांगितली तर हे लोक हसतील. एका गल्लीचं पाणी कोण बंद करतंय, एवढीच माझी केस.

नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेतलं पोलीस ठाणं माझ्याकडे होतं. माणसं अजून तिथंच राहतात, म्हणून पेठेचं नाव सांगत नाही आणि माणसांचंही नाही. पेठेत एक अरुंद गल्ली. तोंडाशी तालीम मंडळाचा हॉल. गल्लीच्या मधोमध पूर्वी सार्वजनिक नळाचं कोंडाळं होतं. घरोघरी नळ आले, म्हणून आदल्याच वर्षी निधीतून ते पाडलं आणि दुचाक्या लावायला जागा केली. त्या जागेला लागून एक बसकं कौलारू घर आणि घराला जोडून गोठा. गोठ्यात म्हशी नव्हत्या, पण दावी अजून खुंट्यांना टांगलेली होती. तिथं एक सत्तरीच्या पुढची बाई एकटी राहायची. अख्खी गल्ली तिला आक्का म्हणायची.

ही गल्ली मला आधीच माहीत झाली होती ती एका सभेमुळे. त्या काळात महापालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. भागासाठी निधी येणार होता आणि कुठली कामं आधी करायची ते लोकांनी बसून सुचवायचं होतं. आता कोल्हापुरात लोकांनी बसून ठरवायचं म्हणजे बंदोबस्त आलाच! तालमीच्या अध्यक्षाला गल्लीच्या तोंडाशी स्वागत कमान पाहिजे होती, दिव्यांच्या माळा असलेली. बायकांना जुनी पाइपलाइन बदलून पाहिजे होती. आवाज चढले, खुर्च्या सरकल्या, म्हणून मी स्वतः जाऊन मागं उभा राहिलो. दोन्हीकडच्या मंडळींचं बोलून झाल्यावर शेवटच्या ओळीतनं आक्का उठली.

"मला कमानबी नको आन् पायपबी नको," ती म्हणाली. "कोंडाळं हुतं तिथं एक कट्टा बांधून द्या. चार माणसं बसतील."

अध्यक्ष हसला. मनानं वाईट नव्हता तो, पण सभेत हशा मिळवायची सवय होती. म्हणाला, "आक्का, कट्ट्यावर बसाय आता येळ कुणाला हाय? सगळ्यांच्या घरात सोफा हाय की!"

सगळी सभा हसली. आक्कापण हसली आणि खाली बसली. सभेचा निकाल काय लागला म्हणाल तर कमान वर, पाइपलाइन खाली, आणि कट्टा कुठंच नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गल्लीचं पाणी जायला लागलं. उन्हाळा तोंडावर आला होता. सकाळी पाणी सुटायचं, भांडी लावेपर्यंत धार बारीक व्हायची आणि बंद. शेजारच्या गल्लीत मात्र धो धो. मग महापालिकेचा टँकर मागवायचा आणि दुपारपर्यंत वाट बघत बसायचं. एकदा झालं, दोनदा झालं, मग सारखंच व्हायला लागलं. कमानवाले म्हणायचे, पाइपलाइन पदरात पाडून घ्यायला हे पाइपवालेच करतात. पाइपवाले म्हणायचे, अध्यक्ष बदला काढतोय. एक दिवस बायका रिकाम्या घागरी घेऊन थेट माझ्या ठाण्यावर आल्या. घागरी पायरीवर आपटायचा तो आवाज! ठाणे अंमलदार बिचारा डायरी सोडून उभा राहिला.

मी अर्ज घेतला, चौकशीवर ठेवला आणि आमच्या बीट हवालदाराला गल्लीत पाठवलं. हवालदार जुना, पोट सुटलेला, पण कान तिखट. दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. म्हणाला, "साहेब, पाणी सोडणारा आणि टँकरचा ड्रायव्हर एका टपरीवर चहा पितात. बघा काय ते." फोन ठेवला. झालं, गल्लीला जे पाहिजे होतं ते मिळालं. कमानवाले आणि पाइपवाले आयुष्यात पहिल्यांदा एका गोष्टीवर एक झाले. पाणी सोडणाराच चोर, टँकरच्या फेरीमागं पैसे खातोय.

हा पाणी सोडणारा महापालिकेचा कंत्राटी कर्मचारी होता. पस्तिशीतला, उचगावकडं राहणारा, घरी बायको आणि दोन मुली. पहाटे सायकलवरनं येऊन भागातले व्हॉल्व्ह उघडायचे, पाणी देऊन झालं की फिरून बंद करत जायचं, असं त्याचं काम. मी त्याला बोलावून घेतलं. आला तेव्हा पाचावर धारण बसलेली. बायको मागनं डबा घेऊन आली आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिली. ती काही विचारत नव्हती, रडत नव्हती, नुसती दाराकडं बघत होती.

"गल्लीचा व्हॉल्व्ह तू बंद करतोस?" मी विचारलं.

"न्हाय साहेब. मी उघडून फुडं जातो. परत येतोय तर बंद असतोय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. आमच्या हापिसात सांगितलं. ते म्हणाले तूच विसरला असशील."

"टँकरवाल्याशी काय संबंध?"

"चहा पितो साहेब. गाववाला हाय."

नोकरीत माणसं बघून बघून एक गोष्ट कळते. खोटं बोलणारा फार पटापट बोलतो आणि खरं बोलणारा अडखळतो. हा अडखळत होता. मला वाटलं, खरं बोलतोय. मग मी विचारलं, "व्हॉल्व्ह फिरवायची चावी कुठं असते?" तसा तो पटकन म्हणाला, "रोज हापिसात जमा करतो."

मला तिथंच खटकलं. हवालदाराला ऑफिसात पाठवलं. बाकीच्या गल्ल्यांचे व्हॉल्व्ह नवे, त्यांची चावी जमा होत होती. या गल्लीचा व्हॉल्व्ह मात्र जुन्या काळातला, त्याची चावी वेगळी, पुरुषभर उंचीची लोखंडी. ती ऑफिसात कुणी पाहिलेलीच नव्हती. म्हणजे गडी खोटं बोलला होता. पुन्हा विचारलं, दरडावून विचारलं. त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

संध्याकाळी महापालिकेच्या एका साहेबांचा फोन. "तुमचा अहवाल कधी देताय? सोमवारी आला तर मंगळवारी याला कमी करतो. लोक माझ्या केबिनमध्ये घागरी घेऊन यायच्या आत." त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता. मी खिडकीतनं पाहिलं तर त्याची बायको अजून बाकावर होती. डबा तसाच मांडीवर. त्याला जाऊ दिलं, पण उद्या परत यायचं असं सांगून. दोघं सायकल हातात धरून चालत गेली.

त्या रात्री जेवताना मी घरी हे सगळं बोललो. माझी बायको केसबद्दल फारसं विचारायची नाही, पण हे ऐकून म्हणाली, "पाणी कुठल्या वारी जातं?" मी म्हटलं, वारी काय करायचंय? "बायका बघतात हो ते," ती म्हणाली. सकाळी अर्ज पुन्हा वाचला, बायकांचे जबाब पुन्हा चाळले. कपाळावर हात मारून घेतला. रविवार, सणाची सुट्टी, दुसरा शनिवार, रविवार. कामाच्या दिवशी एकदाही नाही! टँकरवाल्याला सुट्टीशी काय देणंघेणं? आणि ज्याला गल्लीला त्रास द्यायचाय तो सोमवारी सकाळी देईल, डबे आणि शाळा असताना. सुट्टीच्या दिवशी पाणी तोडून कुणाला काय मिळत होतं, ते काही केल्या मला उलगडेना.

रविवार आला. आम्ही जोतिबाच्या यात्रेच्या बंदोबस्तावरनं नुकतेच परतलो होतो, स्टाफ नुसता पेंगत होता. तरी हवालदाराला साध्या वेशात पहाटेच पाठवलं. म्हटलं, पाणी सोडणाऱ्यावर नजर ठेव. साडेसातला त्याचा फोन आला. "साहेब, सावलीसारखा मागं हाय. मी अंधारात गल्लीच्या तोंडाशी थांबलो, त्यानं आत जाऊन व्हॉल्व्ह उघडला. मग आम्ही पार खालच्या गल्लीपर्यंत आलो. त्यानं काय केलेलं न्हाय."

"आणि गल्लीचं पाणी?"

"गेलंय म्हणं."

"अरे, मग व्हॉल्व्हपाशी कोण होतं?"

"तुम्हीच म्हणाला साहेब, त्याच्या मागं जा." आता याला काय बोलायचं! पण एक झालं. पाणी सोडणारा सुटला, निदान माझ्या मनातनं तरी. पण नुसत्या माझ्या मनाला कोण विचारतंय? सोमवारी अहवालात दुसरं नाव पाहिजे होतं, नाहीतर त्याचंच गेलं असतं.

मी साधा शर्ट चढवला आणि गल्लीत गेलो. तोंडाशी निधीतनं बसवलेला कॅमेरा होता, पण त्याचं तोंड कमानीसाठी राखलेल्या जागेकडं. कमान झाल्यावर चोरानं ती उचलून नेली असती तर कदाचित दिसला असता. समोरच्या टपरीवर पेपर घेऊन बसलो. थोड्या वेळानं टँकर आला आणि काय सांगू, त्या मेलेल्या गल्लीत जीव आला. दारं उघडली. बादल्या, घागरी, प्लॅस्टिकचे डबे. बायका, बनियनवरचे पुरुष, झोपेतनं उठवलेली पोरं. भांडणं सुरू झाली, भांडणातनं हसणं सुरू झालं. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं ते तिथंच सगळ्यांना कळलं. कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन. अध्यक्षसुद्धा लुंगी वर खोचून रांगेत उभा होता आणि ज्या बाईशी सभेत भांडला तिची कळशी उचलून देत होता.

आणि सगळ्यांच्या मधे आक्का. दोन कळश्या घेऊन आली होती, पण नंबर पुढं सरकला की मागच्याला देत होती. "घे बाई, तुझं लेकरू लहान हाय." म्हाताऱ्या माणसांना आपल्या पायरीवर बसवत होती. एकीच्या केसांतनं हात फिरवला, एकाला कोपरखळी मारली, एकाच्या बापाची नक्कल करून दाखवली. सगळी गल्ली वैतागलेली आणि ही एकटी लग्नघरातल्यासारखी. माझ्या लक्षात आलं, पण तेव्हा वाटलं, स्वभाव असतो एकेकाचा.

शेवटी तिनं दोन कळश्या भरल्या. टँकर गेला. लोक पाणी घेऊन आत गेले, एकेक दार लागलं. टीव्हीचे आवाज सुरू झाले. गल्ली पुन्हा होती तशी झाली. मी चहाचा शेवटचा घोट घेत होतो, तेवढ्यात आक्काच्या घराच्या मोरीच्या तोंडातनं भळाभळा पाणी गटारात आलं. थांबलं. पुन्हा आलं. दोन कळश्यांएवढं.

अख्ख्या गल्लीच्या तोंडचं पाणी पळालेलं आणि ही बाई पाणी ओतून देते? मी उठलो.

दार उघडंच होतं. मला बघून तिच्या तोंडावर जो आनंद दिसला तो मी विसरलो नाही. ओळख ना पाळख. "या पावणं, या की आत!" चटई टाकली, पाण्याचा तांब्या दिला. मी तांब्या हातात घेऊन मोरीकडं पाहिलं. दोन बॅरल काठोकाठ भरलेले, पितळी हंडा भरलेला, घागरी भरलेल्या. कळश्या पालथ्या. चहा ठेवते म्हणून ती आत गेली, तेव्हा मी गोठ्याच्या दारातनं डोकावलो. दाव्यांच्या मागं भिंतीला लावून ती लांब लोखंडी चावी उभी होती. लपवलेलीसुद्धा नव्हती. कितीतरी वर्षं ती तिथंच असायची, असं नंतर कळलं. व्हॉल्व्ह तिच्या दारासमोर. एवढं वजन सायकलवरनं कोण रोज नेणार? आधीचा पाणीवालाही तिथंच ठेवायचा, हाही तिथंच ठेवायचा. गल्लीतल्या प्रत्येकानं ती पाहिलेली होती, म्हणून कुणालाच ती दिसत नव्हती.

चहा आला. मी कोण ते सांगितलं. ती घाबरली नाही. "व्हय काय? मग बिस्कुट देतो, थांबा," म्हणाली. आमच्याकडच्या जुन्या बायका अशाच बोलतात, पुरुषांसारख्या. मी म्हटलं, "आक्का, पाणी तुम्ही बंद करता."

"व्हय," ती म्हणाली. एवढ्या सरळ कबुलीची मला सवय नव्हती. "त्यो पाणी सोडून फुडं गेला की मी चावी लावतो आन् फिरवतो. जड जातंय, पन फिरतंय. जल्मभर धारा काढल्यात म्हशीच्या. हातात अजून जोर हाय."

"आणि घरात पाणी असताना रांगेत उभ्या राहता. मग ओतून देता."

"मग काय करू? ठेवाय भांडं रिकामं कुठं हाय?"

"पण का?"

तिनं चहा बशीत ओतला. मग म्हणाली, "म्हशी हुत्या तवा सकाळ-संध्याकाळ दारात माणूस मावत नव्हतं. किटल्या घिऊन याची. धार काढूस्तवर बसायची, बोलायची. मालक गेलं, माझ्यानं वैरण-शेण हुईना, म्हशी इकल्या. आता दूध पिशवीतनं येतंय. मग कोंडाळं हुतं. घरात नळ असून मी घागर घिऊन भाईर जायाचो. त्येबी पाडलं. आता सकाळी दार उघडतो आन् राती लावतो, मधी कोण न्हाय. मागं एकदा पायप खरंच फुटली. टँकर आला. सगळी भाईर आली. त्या दिशी मला चारजणांनी इचारलं, आक्का, जेवलीस काय? किती दिसांनी इचारलं म्हणून सांगू." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मग म्हटलं, सुट्टीच्या दिशी सगळी घरात असत्यात. दुपारपातूर तर बंद ठेवायचं. कुणाचं काय नुकसान हुतंय?"

खाकीत एवढी वर्षं काढून एका म्हातारीच्या चहापुढं मी मान खाली घालून बसलो होतो. तरी काम करणं भाग होतं. मी सांगितलं, "आक्का, त्या पाणी सोडणाऱ्या पोरावर आळ आलाय. परवा त्याला कामावरनं काढणार आहेत. त्याची बायको ठाण्यात दिवसभर बसून होती."

तिच्या हातातली बशी तशीच राहिली. "त्येला? त्येनं काय केलं?"

"गल्ली म्हणते त्यानं पाणी विकलं. सगळ्या गल्लीला माहीत आहे."

"मला कुणी सांगितलंच न्हाय," ती म्हणाली.

आठवडाभर त्या गल्लीत दुसरा विषय नव्हता. मोर्चा निघाला होता, अर्जावर घराघरातल्या सह्या होत्या. आणि त्या मधोमध राहणाऱ्या बाईला कुणी काही बोललेलं नव्हतं. तिच्या सहीचीसुद्धा कुणाला आठवण झाली नव्हती.

ती उठली, चपला घातल्या. म्हणाली, "चला." मी म्हटलं, ठाण्यात येऊन जबाब द्या, बास. "ठाण्यात नको. त्येची बदनामी गल्लीत झालीया, गल्लीतच सांगतो."

हवालदारानं दारं वाजवून माणसं गोळा केली. कोंडाळ्याच्या जागी, दुचाक्यांच्या मधे, सगळे उभे राहिले. पाणी सोडणाराही आला. आक्कानं एका दमात सांगून टाकलं. त्याचा काही दोष नाही, मी केलं, काय शिक्षा करायची ती मला करा.

अध्यक्ष तापला. "आक्का, तू? उन्हातान्हात आमची पोरंबाळं रांगेत उभी केलीस?"

"व्हय केली," ती म्हणाली. "तू एवढासा हुतास तवा किटली घिऊन याचास. म्हशीला भ्याचास, माझ्या मांडीवर बसाचास. आता माझ्या दारावरनं गाडी नेतोस, हॉर्न वाजवतोस आन् जातोस."

अध्यक्ष एक पाऊल मागं सरकला. कुणीतरी बाई पुढं झाली, डोळे पुसत म्हणाली, "आक्का, एवढं एकटं वाटत हुतं तर सांगायचं की गं."

"कुणाला?" आक्कानं विचारलं.

मग पाणी सोडणारा माझ्यापाशी आला. "साहेब, चावी हितं ठेवतो म्हणून सांगितलं असतं तर आक्काला ठाण्यात बोलावलं असतं. म्हातारं माणूस. म्हणून बोललो न्हाय." नोकरी जायची पाळी आली तरी हा गडी एवढ्यासाठी तोंड शिवून बसला होता. मी त्याला शिवी दिली, प्रेमाची. आणि घरी पिटाळला.

कागदोपत्री मी ते प्रकरण फार वाढवलं नाही. अर्जदारांनी अर्ज मागं घेतला, आक्काला समज देऊन सोडलं. समजपत्रावर तिचा अंगठा घेताना तिनं विचारलं, "परत कधी याला लागंल?" मी म्हटलं, आता यायचं नाही. तिचा चेहरा पडला. चावी मात्र त्या दिवसापासून ऑफिसात जमा व्हायला लागली, तेवढं महापालिकेच्या साहेबांनी स्वतः लक्ष घालून केलं. पाणी सोडणाऱ्याचं काम टिकलं.

गल्लीनं पुन्हा सभा घेतली. कोंडाळ्याच्या जागी कट्टा झालाच पाहिजे, असं एकमतानं ठरलं. ठराव अध्यक्षानंच मांडला. पहिला आठवडा आक्काच्या घरी रीघ होती. कुणी डबा आणला, कुणी नातवाला घेऊन आलं. नंतर एक दिवसाआड. नंतर शाळा, डबे, ड्युट्या सुरू झाल्या. कुणाचं चुकलं असंही म्हणवत नाही. मी गस्तीवर असलो की पाच मिनिटं थांबायचो, चहा घ्यायचो. घरी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "तुम्ही रिटायर झाल्यावर काय करणार ते आधी बघा. तुम्हाला तर ठाण्याबाहेर एक मित्र नाही." मी हसण्यावारी नेलं. मला वाटलं होतं, ही असेलच की सोबतीला.

कमान झाली. झोकात झाली, दिवे लावले की अख्खी पेठ उजळते. कट्टा पुढच्या टप्प्यात, निधी उपलब्ध होईल तसा, असं उत्तर आलं. निवृत्तीनंतर एकदा त्या बाजूला गेलो, तर आक्काच्या दाराला कुलूप. लग्न करून दिलेली तिची मुलगी तिला पेठ वडगावला घेऊन गेली म्हणे. केव्हा गेली ते शेजारच्या घरालाही नीट सांगता आलं नाही.

या केसनं मला काय शिकवलं? पोलिसाला शिकवलेलं असतं की गुन्हा झाला की फायदा कुणाचा ते शोध. मी आयुष्यभर शोधला. पण फायदा म्हटला की आम्हाला पैसा, जमीन, बाई, खुर्ची एवढंच दिसतं. आक्का जेवलीस काय, एवढं कुणीतरी विचारावं म्हणून माणूस गुन्हा करील, हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये नव्हतं. आणि भागाच्या गरजा लिहून द्या म्हटलं की लोक रस्ता लिहितात, गटार लिहितात, कमान लिहितात. मला बोलायला माणूस पाहिजे, हे कुणी लिहीत नाही. लिहिलं तर सभा हसते. मी पाहिलंय ते.

आता मी शहराच्या कडेला एका अपार्टमेंटमध्ये चौथ्या मजल्यावर राहतो. बायको जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा बेंगळुरूला, चांगला आहे, फोन करतो. लिफ्टमध्ये लोक मोबाइलमध्ये बघतात. मी कधी पोलिसात होतो हे इथं कुणाला माहीत नाही.

परवा रविवारी सोसायटीची मोटर जळाली. पाणी नाही. खाली टँकर आला, आरडाओरडा ऐकू आला, माणसं जिन्यानं उतरायला लागली. मला कशाची कमतरता नव्हती. एकट्या माणसाला किती पाणी लागतं? दोन्ही बॅरल भरलेले होते. मी बादली घेतली आणि खाली गेलो. रांगेत उभा राहिलो. तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी, जिला मी रोज बघतो पण जी माझ्याशी कधी बोलली नव्हती, ती मागं वळून म्हणाली, "काका, तुमच्याकडं पण थेंब नाही?"

"नाही गं," मी म्हणालो.

पटकन म्हणालो, जरासुद्धा अडखळलो नाही. मग तिनं विचारलं, तुम्ही एकटेच असता का, जेवणाचं काय करता. अर्धा तास बोललो आम्ही. टँकर गेला, दारं लागली. मी जिन्यानं बादली वर आणली. दार लावून घेतलं आणि ती मोरीत ओतली, खालच्या मजल्यावर आवाज जाऊ नये म्हणून अगदी हळूहळू.